डॉक्टर म्हणतात उठवा, नातेवाईक म्हणतात झोपू द्या (मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतरचा व्यायाम)

मृण्मयी_एस

आईचं काल मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. वय ६६. गाठ डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये (मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणात) होती. दुर्बिणीतून काढली, आतडं जोडलं, पोटावर पिशवी लावावी लागली नाही. डॉक्टर समाधानी आहेत. पुण्यातलं खाजगी हॉस्पिटल आहे, मी आणि मामा आलटूनपालटून थांबतोय.

आज सकाळी फिजिओ आली आणि म्हणाली, "काकू, चला, खुर्चीत बसायचंय." आईच्या हाताला सलाइन, पोटाला ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी), खाली युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी. तरी आई उठली, उभी राहिली, पण घेरी आली म्हणून तिला परत बसवलं. तेवढ्यात भेटायला आलेल्या आत्याने त्या मुलीलाच फैलावर घेतलं. "पोट कापलंय तिचं, कालची गोष्ट आहे, तुम्हाला काही वाटतं की नाही?" फिजिओ बिचारी हसून निघून गेली. संध्याकाळी ती परत येणार आहे. आत्याही येणार आहे.

मला विचारायचंय ते असं: इतक्या लवकर चालवलं तर आतला जोड सुटायची भीती नसते का? कॉटवर पडल्यापडल्या काय काय करून घेता येईल? आणि एक वेगळीच अडचण. आई कॉरिडॉरमध्ये यायलाच तयार नाही. अंगात तो मागून बांधायचा गाऊन आणि सोबत लघवीची पिशवी, "चार लोकांत अशी कशी फिरू" म्हणते. दुखण्यापेक्षा तिला याचंच जास्त झालंय.

नेटवर वाचायला बसलं की डोकं गरगरतं. ज्यांनी स्वतः काढलंय किंवा घरच्यांचं केलंय त्यांनी लिहा प्लीज.

पाटीलवाडा

आईंना लवकर बरं वाटो. वाचतोय. थोरल्या भावाचं पुढच्या महिन्यात हेच ऑपरेशन ठरलंय.

आडवाट

माझं उजव्या बाजूचं आतडं काढलंय, नाशिकला. दुर्बीण नव्हती, बेंबीच्या वर-खाली उभा छेद. मी फक्त उठायचं कसं तेवढं लिहितो, कारण खरं दुखणं चालण्यात नसतं, उठण्यात असतं.

उताणं पडलेलं असताना डोकं उचलून सरळ उठायला जायचं नाही. पोटाचे स्नायू एकदम आवळतात आणि ब्रह्मांड आठवतं. आधी दोन्ही गुडघे दुमडायचे. मग खांदा आणि कंबर एकदमच वळवत कुशीवर व्हायचं, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. पाय कॉटच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीत रोवून अंग वर ढकलायचं. पोटाला काही काम करू द्यायचं नाही. बसलं की लगेच उभं राहायचं नाही. पंजे हलवत, समोरच्या भिंतीकडे बघत जरा बसायचं. घेरी येणार असेल तर ती इथे कळते. खोकला आला तर उशी पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची आणि मग खोकायचं. माझी उशी डिस्चार्जपर्यंत मांडीवरच होती.

कॉट उंच असेल तर पायाखाली ते लोखंडी स्टूल असतं. आईंना त्यावरून उतरवू नका, कॉटच खाली घ्यायला सांगा. आणि उठवण्याआधी सोबतच्या माणसाने प्रत्येक नळी कुठून कुठे जाते ते बघून मोकळी करून घ्यायची. नाहीतर तुम्ही निघता आणि युरोबॅग कॉटलाच अडकलेली राहते. तो अनुभव शत्रूलाही नको.

फिजिओ_कल्याणी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुंबईत कॅन्सर सर्जरीच्या वॉर्डात काम करते. आईंना मी तपासलेलं नाही, तेव्हा तिथल्या टीमचा शब्द शेवटचा.

आधी घेरीबद्दल. पहिल्यांदा उभं राहताना घेरी येणं फार कॉमन आहे. भूल, वेदनाशामकं, पाठीत एपिड्युरल (वेदना थांबवणारं औषध सोडायची बारीक नळी) असेल तर ते, शिवाय पडून राहणं, या सगळ्याने उभं राहिल्यावर बीपी खाली येतं. परत बसवलं ते योग्यच केलं. आजचा तेवढाच व्यायाम झाला असं समजा, फसला असं समजू नका. संध्याकाळी उठवण्याआधी बीपी बघायला सांगा आणि वेदनाशामक साधारण अर्धा तास आधी मिळेल असं सिस्टरशी बोलून घ्या. दुखत असताना ओढून चालवलं की पेशंट दुसऱ्या वेळी फिजिओ दिसताच डोळे मिटून घेतो, हे आमचं रोजचं आहे.

इतकी घाई कशासाठी, हे आत्याबाईंना सांगायला उपयोगी पडेल. पोट दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो. फुप्फुसांचा खालचा भाग नीट उघडत नाही, कफ साठतो, आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. दुसरं, पडून राहिलं की पोटऱ्यांमधलं रक्त रेंगाळतं. कॅन्सरमध्ये मुळातच रक्त साकळण्याकडे कल जास्त असतो, त्यात पोटाचं मोठं ऑपरेशन. पायात गुठळी झाली आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून तर पोटात ते रक्त पातळ करणारं इंजेक्शन देतात, पायांत घट्ट मोजे घालतात. हे इंजेक्शन कॅन्सरच्या पेशंटला बऱ्याचदा घरी गेल्यावरही, ऑपरेशनपासून चार आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. डिस्चार्ज पेपरवर नसेल तर विचारा. तिसरं म्हणजे स्नायू. साठीनंतर आठवडाभर आडवं पडलं की मांड्यांची ताकद भराभर उतरते, आणि ती परत यायला कितीतरी पट वेळ लागतो.

वारा सरण्याबद्दल मात्र खरं सांगते. "चाला म्हणजे गॅस पास होईल" असं वॉर्डात आम्ही सगळेच म्हणतो. पण एकट्या चालण्याने आतडं लवकर जागं होतं याचा पुरावा तितका भक्कम नाही. अफूच्या जातीची वेदनाशामकं कमी वापरणं, सलाइनचा मारा न करणं, तोंडाने लवकर खायला देणं, या सगळ्यांच्या जोडीने ते होतं. तेव्हा दोन फेऱ्या मारूनही वारा सरला नाही म्हणून आईंना आणखी दामटू नका.

कॉटवरचे व्यायाम: पंजे घोट्यातून जोरात वर-खाली, जागेपणी दर तासाला दहा-बारा वेळा. टाच गादीवरून घासत गुडघा वाकवणं आणि सरळ करणं. गुडघा गादीत दाबून मांडीचा स्नायू आवळणं. नितंब आवळून सोडणं. आणि खोल श्वास, पोट हलकेच वर येईल असा, तीन-चार एका वेळी. जास्त केले तर गरगरतं.

श्वासाच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं असेल. त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. मी राउंडला गेले की निम्मे लोक त्यात फुंकत बसलेले दिसतात. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, तो हवेच्या वेगाचा हिशेब आहे, सेकंदाला इतके मिलिलिटर. सगळ्या गोळ्या टणकन वर उडवण्यापेक्षा एकच गोळी सावकाश वर नेऊन दोन-तीन सेकंद तिथे टिकवली तर फुप्फुस जास्त चांगलं उघडतं. शेजारच्या कॉटवरच्या काकांशी शर्यत लावू नका.

चालणं थोडं आणि अनेकदा. एकाच खेपेत लांबवर नेऊन दमवण्यापेक्षा दाराशी जाऊन या, पुढच्या वेळी सिस्टरच्या टेबलापर्यंत जा. चालताना बोलता आलं पाहिजे. आणि चालण्याइतकंच खुर्चीत बसणंही मोलाचं आहे. जेवण, चहा, भेटायला येणारी माणसं, सगळं खुर्चीत.

लेस्टरची_सून

कल्याणी, खुर्चीच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. इथे इंग्लंडमध्ये माझ्या सासऱ्यांचं झालं तेव्हा त्यांना जेवण कॉटवर मिळतच नव्हतं. ऑपरेशननंतर लवकर उठवायच्या या पद्धतीच्या मार्गदर्शक सूचनांत ऑपरेशनच्याच दिवशी दोन तास आणि नंतर रोज सहा तास कॉटबाहेर, असं लक्ष्य दिलेलं असायचं. सलग नाही, सगळं मिळून. सासरे म्हणायचे, हे इस्पितळ आहे की शाळा.

मृण्मयी, गाऊनबद्दल. इथल्या सरकारी रुग्णालयांतून 'एंड पीजे पॅरालिसिस' नावाची मोहीमच चालली होती. म्हणणं साधं: पेशंटला दिवसा त्याचे स्वतःचे कपडे घालू द्या. हॉस्पिटलच्या कपड्यांत माणूस स्वतःला आजारी समजून पडून राहतो, स्वतःच्या कपड्यांत उठतो. तेव्हा आईंना जे वाटतंय त्यात वेडगळ काही नाही. घरचा समोरून बटणांचा सुती गाऊन आणा, वरून ओढणी किंवा पातळ शाल. ड्रेनची नळी बटणांमधून बाहेर काढता येते. सिस्टरना विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी हरकत नसते.

सोनचाफा_ठाणे

युरोबॅगसाठी: भाजीची कापडी पिशवी. तिच्यात युरोबॅग उभी ठेवायची, आईंना हातात धरायला द्यायची. लांबून वाटतं बाई बाजाराला निघाल्या. माझ्या नणंदेला मी पैठणीच्या काठाची पिशवी दिली होती. वॉर्डातल्या बाकीच्या बायकांनी "कुठून घेतली" विचारलं.

डॉ_निवांत

पिशवीची कल्पना झकास. फक्त युरोबॅग कायम कमरेच्या बरीच खाली राहायला हवी. खांद्याला अडकवून वर आली तर लघवी उलटी मूत्राशयात जाऊन संसर्ग होतो. आणि नळीला घडी पडू देऊ नका. खरं तर बहुतेकांची कॅथेटर (लघवीची नळी) एक-दोन दिवसांत काढता येते. गुदाशयाचं ऑपरेशन असेल तर जरा जास्त ठेवतात. "अजून किती दिवस लागेल" हा प्रश्न राउंडला रोज विचारा. आम्ही विसरतो.

बापू_सातारकर

आमच्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं मिरजेला, ७० च्या दशकात. चांगले पंधरा दिवस कॉटवरून हलू दिलं नव्हतं. पुढे वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंत जगले. आता दुसऱ्या दिवशी चालवतात, चौथ्या दिवशी घरी पाठवतात. मला विचाराल तर कॉट लवकर रिकामी व्हावी म्हणून हे सगळं. पेशंटच्या भल्याचं नाव उगाच.

डॉ_निवांत

बापू, कॉट रिकामी व्हावी हा हिशेब नसतोच असं मी म्हणणार नाही. पण ही कल्पना त्या हिशेबातून जन्मलेली नाही. शिकागोच्या एमिल रीस या डॉक्टरांनी १८९९ मध्येच लिहिलं होतं की पोटाच्या ऑपरेशननंतर बायकांना लवकर उठवलं तर त्या लवकर सावरतात. तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या महायुद्धात कॉटाच अपुऱ्या पडल्या, सैनिकांना लवकर उठवावं लागलं, आणि त्यांचं वाईट तर झालं नाहीच, उलट बरं झालं. पुढे १९९० च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट या सर्जननी मोठ्या आतड्याच्याच पेशंटवर सगळं एकत्र बांधून दाखवलं: वेदना नीट आवरायच्या, नाकातली नळी उगाच ठेवायची नाही, लवकर खाऊ घालायचं, लवकर उठवायचं. आज जगभर जी पद्धत चालते तिचं मूळ ते. तुमचे वडील पंधरा दिवस झोपूनही वाचले, कारण माणूस चिवट प्राणी आहे. त्या काळात गुठळीने किंवा न्यूमोनियाने गेलेल्यांची मुलं आज इथे लिहायला नाहीत.

आता मृण्मयींचा जोडाचा प्रश्न, तो खरा महत्त्वाचा. चालल्याने आतला जोड सुटत नाही. जोडाला रक्तपुरवठा किती आहे, त्यावर ताण किती आहे, तो गुदद्वाराच्या किती जवळ आहे, पेशंट सिगारेट ओढतो का, स्टेरॉइडवर आहे का, अंगात प्रथिनं किती आहेत, यावर ते ठरतं. पोटाच्या भिंतीचे टाके ही वेगळी गोष्ट. त्यांना जपायचं ते वजन उचलण्यापासून आणि झटक्याने उठण्यापासून, चालण्यापासून नव्हे.

पण एक गोष्ट नातेवाइकांनी पक्की लक्षात ठेवावी. काल बरा चालणारा पेशंट आज उठायलाच नको म्हणतोय, तर त्याला आळशी म्हणून रागवू नका, सिस्टरना सांगा. ताप, नाडी जोरात, पोट फुगून कडक होणं, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, उलट्या, यातलं काही सोबत असेल तर तातडीने. जोड गळायला लागला तर पहिल्या आठवड्यात तो बऱ्याचदा असाच कळतो, आणि कधीकधी सगळ्यात आधी दिसतं ते हेच, की माणूस मागे पडला. तसंच एकच पोटरी सुजली, दुखली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर व्यायाम जागेवर थांबवा.

बापू_सातारकर

मुलं लिहायला नाहीत हे जरा लागलं. पण पटलं.

योगसाधक

कोणीच कसं सांगितलं नाही? सकाळी उपाशीपोटी कपालभाती सुरू करा. आतड्यांना मसाज होतो, गॅस मोकळा होतो. आमच्या वर्गात एकांना खूप फरक पडला.

फिजिओ_कल्याणी

योगसाधक, कृपया नको. कपालभातीत पोटाच्या स्नायूंना झटका दिला जातो, आणि ताज्या टाक्यांना नेमका तोच नको असतो. अग्निसार, नौली, नौकासन, भुजंगासन, सूर्यनमस्कार हे सगळं सध्या बंद. पुन्हा कधी सुरू करायचं ते सर्जनला विचारून, काही आठवड्यांच्या नाही, महिन्यांच्या हिशेबाने. आत्ता हवंच असेल तर श्वास न रोखता संथ अनुलोम-विलोम आणि भ्रामरी चालेल. भ्रामरीत श्वास आपोआप लांबतो, पेशंटला शांतही वाटतं.

योगसाधक

मी दहा वर्षं शिकवतोय. झटका हलका द्यायचा असतो.

फिजिओ_कल्याणी

हलकासुद्धा नको.

वनिता_गोवा

मी जरा वेगळ्या गटातली. माझा कॅन्सर गुदाशयाचा होता, त्यामुळे खालचा जोड भरून येईपर्यंत लहान आतडं पोटावर काढून पिशवी लावली होती, नंतर ती बंद केली. इथे वाचणाऱ्यांत कोणाला स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) असेल तर त्यांच्यासाठी लिहिते, कारण मला वॉर्डात हे कोणी नीट सांगितलं नव्हतं.

चालायला निघण्याआधी पिशवी रिकामी करायची. एक तृतीयांश भरली की रिकामी, हा नियम. भरलेली पिशवी लोंबते, चिकटवलेली चकती सुटते, आणि मग माणूस पुन्हा चालायला धजत नाही. परकराची किंवा सलवारीची नाडी स्टोमाच्या बरोबर वर येत असेल तर ती वर तरी बांधा किंवा खाली तरी, मी शेवटी सैल इलॅस्टिकचे फ्रॉक घातले. म्हणून ऑपरेशनआधी पोटावर खूण करतात तेव्हाच सांगायचं, मी साडी नेसते, नाडी इथे येते. बसून, वाकून, उभं राहून दाखवायचं.

खोकताना, शिंकताना, उठताना तळहात स्टोमावर हलकेच पण भक्कम धरायचा. तिथे हर्निया व्हायची शक्यता बरीच असते. माझ्या स्टोमा नर्सने नंतर पट्टाही दिला, मापाचा. बाजारातला कुठलाही कंबरपट्टा बांधू नका.

लहान आतड्याचा स्टोमा असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही भराभर बाहेर जातं. मे महिन्यात पणजीत संध्याकाळी चालायला गेले आणि पायात गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी. नुसतं पाणी पीत राहिलं तर उलट जास्त वाहतं, ओआरएस हवं. दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं तर डॉक्टरांना कळवायचं.

मोठं ऑपरेशन होऊन गुदद्वारच बंद केलं असेल, तर बसण्याचा प्रश्न वेगळा असतो. त्यांनी खुर्चीत तासन्तास बसू नये, चालणं आणि कुशीवर झोपणं जास्त. मध्ये भोक असलेली ती गोल उशी तर सर्जनला विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका. जखमेच्या कडा ताणल्या जातात.

आडवाट

वनिताताई, नाडीचं वाचून वाटलं, हे कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

मृण्मयी_एस

सगळ्यांचे किती आभार मानू! अपडेट देते.

संध्याकाळी वेदनाशामक आधी दिलं, मग आडवाट यांनी लिहिलंय तसं कुशीवर करून उठवलं. आई म्हणाली, "सकाळी असं का नाही सांगितलं?" खुर्चीत बसून चहा घेतला. दुसऱ्या दिवशी घरचा गाऊन, शाल आणि तुळशीबागेतली कापडी पिशवी. बाई निघाल्या! सिस्टरच्या टेबलापर्यंत, मग लिफ्टपर्यंत. शेजारच्या खोलीतल्या एक काकू पडून होत्या, आता त्या दोघी जोडीने फिरतात आणि सुनांबद्दल बोलतात. कॅथेटर निघाली, वारा सरला, मऊ भात आणि ताक सुरू झालंय.

आत्याला कल्याणी यांचा गुठळीचा परिच्छेद वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. पण नंतर ऐकलं तर फोनवर कोणाला तरी सांगत होती, "पडून राहिलं की रक्त साकळतं गं, उठवावंच लागतं."

आता घरी जायची वेळ आली तर नवे प्रश्न. आमचं घर सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. संडास भारतीय पद्धतीचा. आणि आई विचारतेय, कुकर कधी उचलू, स्कूटर कधी चालवू.

फिजिओ_कल्याणी

मस्त! जिने चढायला हरकत नसते, पण घरी पोचल्यावर पहिल्यांदा चढायचं असं करू नका. हॉस्पिटलच्या जिन्यावर फिजिओसोबत एकदा चढून-उतरून बघा. कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय आणत, प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवून. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. सुरुवातीचे काही दिवस खाली उतरायचं कामच काढू नका, घरातल्या घरात फेऱ्या.

संडासावर कमोडची खुर्ची ठेवा, भाड्यानेही मिळते. उकिडवं बसण्यापेक्षाही त्या बैठकीतून उठताना पोटावर जास्त जोर येतो. मांडी घालून जमिनीवर बसणंही सध्या नको. आणि कुंथायचं नाही. घट्ट होत असेल तर डॉक्टरांना औषध विचारा.

वजनाचं: साधारण सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही नाही, ओपन ऑपरेशन असेल तर सर्जन आणखी लांबवतात. रिकामा कुकर चालेल, पाच लिटरचा भरलेला नको. पाण्याची कळशी नको, ओल्या चादरींची बादली नको. सिलेंडरमधला गॅसच १४.२ किलोचा, लोखंड वेगळं, तो तर ढकलायलाही नको. नातवंडं असतील तर आईंनी बसायचं आणि त्यांना मांडीवर चढू द्यायचं.

स्कूटर अचानक ब्रेक दाबताना पोटाला हात न लावता जमेल तेव्हा. पुण्याचे खड्डे बघता मी तरी घाई करणार नाही. मागे बसून जाणंही लवकर नको.

चालणं रोज थोडं वाढवायचं. आज जितकं चाललं त्याने उद्या अंग फार दुखलं तर परवा कमी. प्रथिनांकडे लक्ष द्या: अंडं चालत असेल तर अंडं, नाहीतर मुगाचं कढण, पनीर, दही. नुसत्या पेजेवर स्नायू येत नाहीत.

एडमंटनकर

पुढचंही थोडं सांगतो, कारण हा विषय इथल्या, कॅनडातल्या एडमंटनच्या, विद्यापीठाशी जोडलेला आहे. जून २०२५ मध्ये 'चॅलेंज' नावाच्या चाचणीचे निकाल आले. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली केंद्रं, ८८९ रुग्ण, सगळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे, तिसरी स्टेज किंवा जास्त धोक्याची दुसरी, ऑपरेशन आणि किमो संपलेले. एका गटाला आरोग्याची माहितीपुस्तिका, दुसऱ्या गटाला तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम. पाच वर्षांनी आजार परत न आलेले लोक व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, दुसऱ्यात ७३.९. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ विरुद्ध ८३.२. व्यायाम म्हणजे फार काही अचाट नव्हतं, बहुतेकांसाठी आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालणं. हो, व्यायामाच्या गटात स्नायू-सांध्यांच्या तक्रारी जास्त होत्या, तेही लिहिलं पाहिजे.

डॉ_निवांत

हे आकडे वाचून कोणी हॉस्पिटलातच भरभर चालायला लागू नये म्हणून: ती चाचणी किमो संपल्यानंतरची आहे. आत्ताचं चालणं गुठळी, न्यूमोनिया आणि अशक्तपणा टाळण्यासाठी. मृण्मयींच्या आईंचा बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट आल्यावर स्टेज कळेल, किमो लागणार की नाही ते ठरेल, आणि मग पुढच्या व्यायामाचं बोलता येईल. पण किमो चालू असतानाही जमेल तितकं चालत राहणं चांगलंच. आणि "तुम्ही व्यायाम केला नाही म्हणून आजार परत आला" असं कोणी कोणाला ऐकवू नये. टक्क्यांचा तो अर्थ नाही.

पाटीलवाडा

सगळा धागा भावाला वाचून दाखवला. त्याचा एकच प्रश्न: ऑपरेशनला अजून महिना आहे, तर आतापासून काही करता येतं का? की आता आराम करून ताकद साठवायची?

फिजिओ_कल्याणी

ताकद साठवून ठेवता येत नाही, कमवावी लागते, आणि महिना हातात आहे ही चांगली गोष्ट आहे. रोज अर्धा तास चालणं, जरा धाप लागेल इतकं. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठ-बस, दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा-तीनदा. तीन गोळ्यांचं यंत्र आत्ताच विकत घ्या आणि शिकून ठेवा, दुखत असताना शिकणं अवघड जातं. कुशीवरून उठायची सवय आजपासून. सिगारेट, तंबाखू, मशेरी आजच बंद. हिमोग्लोबिन कमी असेल तर सर्जनला विचारा, बऱ्याचदा आधी लोहाचं सलाइन देऊन वाढवता येतं. गाठीतून रक्त जात असेल, पोट फुगत असेल, उलट्या होत असतील तर मात्र आधी डॉक्टर, मग व्यायाम.

पाटीलवाडा

चालायचं त्याला सांगितलं. म्हणतो, मी रोज शेतावर जातोच की. जातो, पण बुलेटवर.

फिजिओ_कल्याणी

मग बुलेटची चावी महिनाभर तुमच्याकडे ठेवा. तुम्ही शेतावर जा बुलेटवरून, तो येईल मागून चालत.

पाटीलवाडा

चावी घेतली आत्ता. वहिनीने काढून दिली, भाऊ झोपलाय. उद्या सकाळी काय होतं ते कळवतो.